डावा आरसा

मये, डिचोली
रविवार, रात्री

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

घरात आपण कोंकणीत भांडतो, पण कागद पुढ्यात आला की माझ्या हातून मराठीच उतरते. फोनवर सांगितलं असतं तर तू ‘हय, हय’ करून ठेवून दिला असतास. म्हणून आईने बांधलेल्या सोलांच्या पिशवीत हे पत्र घालतोय. म्हापशाला खोलीवर पोचून पिशवी सोडशील तेव्हा मिळेल.

तुझ्या मोटारसायकलचा डावा आरसा फुटलाय. कोणीतरी पार्किंगमध्ये पाडली, असं तू आईला सांगितलंस. तिला पटलं. तू जेवायला बसलास तेव्हा मी बॅटरी घेऊन अंगणात गेलो. गाडी डावीकडे पडली की आधी फुटरेस्ट घासतो. तुझ्या फुटरेस्टवर ओरखडासुद्धा नाही. हँडलच्या टोकाला मात्र निळा रंग लागलाय, बोटभर लांब. म्हणजे निळ्या बसच्या उजव्या अंगाने तू घुसलास आणि जागा पुरली नाही. बरोबर ना? मी रागावलेलो नाही. पंचवीसेक वर्षं पायलट होतो, भाड्याचा पासिंजर मागे बसवून पिवळ्या मडगार्डची गाडी चालवली, तेवढं तरी मला वाचता यायला हवं.

मीही घुसायचो, आणि चांगला घुसायचो. म्हापशाच्या स्टँडवर ‘पणजीला पटकन जायचंय’ म्हणणारे पासिंजर माझ्या नंबराची वाट बघायचे, त्याचा मला ताठा होता. १९९९ सालच्या पावसाळ्यात एक बाजारकरीण मागे बसली होती. साडी नेसलेली, त्यामुळे दोन्ही पाय डावीकडे, मांडीवर टोपली. गिरीला वाहनं अडकलेली. बस आणि टेम्पोच्या मधली जागा मी नजरेने मोजली ती माझ्या हँडलची. तिचे गुडघे मी मोजलेच नाहीत. बस तेवढ्यात वीतभर सरकली. हाड मोडलं नाही, पण गुडघा टरारून सुजला. ओरडली नाही. उतरल्यावर रुमालाची गाठ सोडून ठरलेलं भाडं हातावर ठेवलं आणि लंगडत गेली. पुढच्या शुक्रवारी बाजारानंतर आली तेव्हा रांगेत पहिला नंबर माझा होता. ती मला ओलांडून मागच्या पायलटाकडे गेली. कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

तेव्हापासून मी गर्दीत घुसणं सोडलं आणि गर्दी टाळायला शिकलो. घुसणं हाताचं काम आहे, टाळणं घरातून निघतानाचं. म्हापसा ते पणजी उणंपुरं १३ किलोमीटर. सव्वाआठला निघालास तर गिरीपासून पर्वरीपर्यंत सगळा उत्तर गोवा तुझ्याबरोबर असतो. सातला निघ. ऑफिस उघडायच्या आत पोचशील, मग पणजीच्या मार्केटजवळ बसून पातळ भाजी आणि पाव खा. मी वर्षानुवर्षं तेच केलं, म्हणून पोट सुटलं ते वेगळं. शुक्रवारी संध्याकाळी मात्र म्हापशाच्या बाजाराच्या बाजूने खोली गाठू नको. पेडण्यापासूनची माणसं तिथे उतरलेली असतात, आणि टोपली घेऊन रस्ता ओलांडणारी बाई दोन्हीकडे बघत नाही, एकीकडेच बघते.

पर्वरीच्या उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून तो पट्टा भरवशाचा राहिला नाही. तिथे अडकलंय असं कळलं तर मयड्यावरून हळदोणे गाठ, तिथून पोंबुर्फा आणि बिठ्ठोण करत मांडवीकाठाने बेतीला उतर. लांब पडतो, वळणं आहेत, गुरं आडवी येतात, पण गाडी चालत राहते. तुझं इंजिन वाऱ्यावर थंड होतं रे, त्यात पंखा नाही. अर्ध्या क्लचवर रांगत अर्धा तास काढलास की तापतं, प्लेटी झिजतात, आणि डाव्या मनगटाचं काय होतं ते मला विचार. अजून थंडीत दुखतं.

बेतीहून फेरीबोट घे. ५ जुलै १९८६ ला मांडवीचा नेहरू पूल कोसळला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. तुझे आजोबा मला घेऊन फेरीनेच पलीकडे जायचे. माणसं इतकी की पाण्यात पडतो की काय असं वाटायचं. तेव्हा नाइलाज होता, आज तीच फेरी सोय आहे. फक्त धक्क्याच्या उतारावर जपून. ओहोटीला खालच्या भागावर हिरवं शेवाळ उघडं पडतं. तिथे पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून सावकाश उतर, पुढच्या ब्रेकला हात लावू नको. बोटीवर स्टँडवर गाडी ठेवून फोटो काढत फिरू नको. गिअरमध्ये टाक आणि तिच्यावर बसून राहा.

मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, हे तुला माहीत आहे. पण मोबाइलवरचा नकाशा मोटारीच्या चित्रावर ठेवलास तर तो तिथेच चढवेल. त्यात दुचाकीचं चित्र असतं, ते दाबून ठेव. रात्री अकरानंतर कोण बघतंय म्हणून चढणारी पोरं मला ठाऊक आहेत. तुझा मित्रसुद्धा. नाव घेत नाही.

आणि एवढं सगळं करूनही अडकशीलच. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताला अडकशील, इफ्फीच्या, म्हणजे चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत अडकशील, शनिवारी रात्री कॅसिनोंसमोरच्या रस्त्यावर तर हमखास. तेव्हा मोटारीसारखा रांगेत उभा राहा. न्यूट्रल कर, पाय टेक, हेल्मेट डोक्यावरच राहू दे, टाकीवर नको. थांबलेल्या बसच्या अंगाने कधीच पुढे जाऊ नको. डावीकडून गेलास तर दार उघडून कोणी पाय खाली टाकतं, उजवीकडून गेलास तर तिच्या नाकासमोरून माणूस बाहेर येतो आणि त्याला तू दिसलेला नसतोस. ट्रक डावीकडे वळत असेल तर त्याच्या मागच्या चाकापासून लांब. पुढचं चाक जिथून जातं तिथून मागचं जात नाही, आत कापून येतं. खाणीच्या ट्रकांमागे वाढलेल्या आपल्या गावच्या पोरांना हे सांगावं लागू नये, पण तू लहानपणी ट्रक मोजायचास, चाकं नाही बघायचास.

संध्याकाळी लवकर सुटायची घाई करू नको. साडेसातपर्यंत मिरामारला बस, वाचन कर, काहीही कर. खोलीवर तुझी वाट बघायला कोण आहे? असेल तर आईला सांग, मला नको.

आरसा मी बघितला. काच बदलून चालणार नाही, दांडाही वाकलाय. डिचोलीत तुझ्या गाडीचा मिळतो, मंगळवारी जाऊन आणतो. पैसे देऊ नको. उजवा शाबूत आहे म्हणून आठवडाभर तसाच चालवशील, ते मला कळतं, पण दर वेळी मान वळवून मागे बघायची सवय कर. शनिवारी येताना म्हापसा-अस्नोड्यावरून नको. पणजीहून थेट रायबंदरला ये, चोडणची फेरी धर. बोटीत चढलास की फोन कर, म्हणजे मी पाना घेऊन अंगणात येतो. उजेड असतानाच आरसा बसवू.

तुझा,
बाबा