गणित सोडून जीवाणू कळेल?

संपादक महोदय,

‘बायोलॉजी घेतलीस ना, मग गणित सोड’ हा सल्ला अकरावीच्या मुलांना अजूनही सर्रास मिळतो. त्यावर एक उदाहरण. अमेरिकेत जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये ई. कोलाय जीवाणू १२ फ्लास्कांत वेगवेगळे वाढवायला घेतले. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एका फ्लास्कातले जीवाणू ऑक्सिजन असतानाही सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) खाऊ लागले. एरवी त्यांना ते जमत नाही. याचं कारण सूक्ष्मदर्शकातून दिसणारं नव्हतंच. निरनिराळ्या पिढ्यांचे जीनोम (डीएनएचा संपूर्ण मजकूर), प्रत्येकी सुमारे ४६ लाख अक्षरांचे, संगणकावर ताडून पाहावे लागले. २०१२ मध्ये उलगडलं ते असं: सायट्रेट आत आणणारं जनुक आधीपासूनच होतं, पण ऑक्सिजनमध्ये बंद. त्या तुकड्याची दुसरी प्रत नेमकी एका चालू ‘स्विच’च्या पुढ्यात येऊन बसली. (आमच्या वाड्यात अंधाऱ्या खोलीला शेजारच्या मीटरवरून वायर ओढायचे, तसंच!) जनुक जुनंच, जोडणी नवी.

ही ताडणी अल्गोरिदम आणि संभाव्यतेवर चालते. निदान सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीला तरी संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग सक्तीचं करा. तेही लेखी परीक्षेपुरतं नको, मुलांना संगणकासमोर बसवून.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा