मापं मोठ्याने न वाचणाऱ्या काकूंना

ती. काकू,
सा. न. वि. वि.

काल आईने कुडत्यात आधी डावा हात घातला, मग उजवा, पुढची बटणं स्वतः लावली आणि खाली भाजी आणायला गेली. मला हाक मारली नाही. तुम्हाला लिहायचं कधीपासून मनात घोळत होतं, आज बसलेच.

फ्रोजन शोल्डरने तिचा डावा खांदा जखडला तेव्हा ब्लाउज घालणंच सुटलं. मधुमेह असलेल्यांना हा त्रास जास्त होतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. जन्मभर साडी नेसलेल्या बाईला जो तो सांगे, "गाऊन घाला की." गाऊनवर ती बँकेत कशी जाणार होती?

मग शिंपी झाले. सैल हवा, पुढून पूर्ण उघडा हवा, असं बजावूनही एकाने कुडता बाजूंनी आत घेतला. वर म्हणे, "फिटिंगशिवाय चांगला दिसत नाही." दुसरीकडे मापं घेताना आईला हात वर करायला सांगितला. तो वर जाईना, तर वैतागून उसासा टाकला. छाती, पोट, कंबर, एकेक आकडा हेल्परला असा ओरडून सांगितला की अख्ख्या दुकानाने ऐकला. आई रिक्षात घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. शिलाई पूर्ण घेतली, आणि कुडता काही खांद्यावरून चढला नाही. त्या दुकानाचा राग अजून गेलेला नाही, काकू, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

तुम्ही आईला खुर्चीवर बसवलंत. हात जेवढा उचलतोय तेवढाच उचलू दिलात. टेप फिरवत राहिलात, पण तोंडातून एक आकडा बाहेर पडला नाही. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने मापं लिहिलीत, घडी घातलीत आणि ती घडी माझ्याकडे नाही, आईकडे दिलीत. "तुमच्याजवळ ठेवा. लेकीला लागेल तेव्हा द्या." एवढंच. माझी आई त्या क्षणी पुन्हा ताठ बसली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आजारी माणसाला मदत करणारे पुष्कळ भेटतात. त्याची लाज राखून मदत करणारे थोडे. अशी माणसं आपल्या जिन्यात राहतात याचं मला फार अप्रूप आहे.

शिवण तर तुम्ही शिकवलीतच. कापडगंजातलं केंब्रिक आधी रात्रभर भिजवायला लावलंत, म्हणजे शिवल्यावर आटायला नको. छातीच्या मापात चांगले आठ-दहा इंच जास्त धरलेत. मुंढा गोल न कापता बाही सरळ ठेवलीत, आणि काखेत तो चौकोनी तुकडा. जुन्या सदऱ्यांना असायचा, तसा. त्याचा एक कोपरा बाहीच्या शिवणीत, समोरचा बाजूच्या शिवणीत. हात उचलला की कापड तिथेच उघडतं, अख्खा कुडता वर ओढला जात नाही. कोपऱ्यावर सुई कापडात रोवून ठेवायची आणि मग कापड वळवायचं, हे तुम्ही माझा हात धरून दाखवलंत. आईचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, पण कुडता तिला कुठे अडवत नाही. आता तिला तसेच आणखी दोन हवे आहेत, एक फिक्या निळ्या रंगाचा.

तुम्ही पैसे घेणार नाही, ते मी विचारणारही नाही. एक परवानगी मात्र हवी आहे. आईबरोबर फिजिओथेरपीला येणाऱ्या एका बाईंनी कुडता हात लावून पाहिला आणि कुठून घेतला म्हणून विचारलं. त्यांचाही खांदाच आहे. तुमचं पेपर कटिंग त्यांच्यासाठी वापरलं तर चालेल ना? मापं घ्यायला मीच त्यांच्या घरी जाईन, तुमच्या पद्धतीने घेईन.

आणि पुढची काजपट्टी एकदा परत दाखवा. रविवारी सकाळी येते.

आपली,
चौथ्या मजल्यावरची