बबीआजीचं न झालेलं बारसं

पुणे, ४ फेब्रुवारी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मला धड बोलता आलं नाही. ३० जानेवारीला तू गोडसेच्या फोटोचा स्टेटस ठेवलास. मी विचारलं तर म्हणालास, "आई, तुला पंचावन्न कोटींचं माहीत नाही. आणि चिंचवडला चापेकरांचा पुतळा चालतो, मग हा का नाही?" माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवलास. म्हणून लिहायला बसले आहे. शेवटपर्यंत वाच.

मी गोडसेला राक्षस म्हणणार नाही. बारामतीत १९१० साली तो जन्मला, वडील पोस्टात होते. त्याच्या आधीचे तीन मुलगे तान्हेपणीच गेले होते. हा तरी जगावा म्हणून आईवडिलांनी त्याचं नाक टोचून नथ घातली, मुलीसारखं वाढवलं. पाळण्यातलं नाव रामचंद्र, पण नथीवरून नथुराम पडलं ते कायमचं. तू सातव्या महिन्यात झालास, अठरा दिवस काचेच्या पेटीत होतास. मीही तेव्हा देवापुढे काय काय बोलले होते. त्यामुळे त्या माउलीला ओलांडून मला पुढे जाताच येत नाही.

मॅट्रिक काही झाला नाही. वडिलांची रत्नागिरीला बदली झाली, तिथे सावरकर स्थानबद्धतेत होते, त्यांच्याकडे जाऊ-येऊ लागला. पुढे सांगलीला शिवणकाम केलं, मग पुण्याला आला. हैदराबादला निजामाविरुद्धच्या सत्याग्रहात त्याने तुरुंगही भोगला. १९४४ मध्ये नारायण आपट्यांबरोबर ‘अग्रणी’ हे दैनिक काढलं. सरकारने जामीन मागितला, तेव्हा तेच ‘हिंदू राष्ट्र’ नावाने पुन्हा निघालं. हे विसरू नकोस, ओंकार. त्याच्याकडे स्वतःचं वर्तमानपत्र होतं. गांधी चुकतात हे पुण्यात बसून रोज छापता येत होतं, आणि तो छापतही होता.

आता ते पाकिस्तानला द्यायचे पंचावन्न कोटी. गांधींनी १३ जानेवारी १९४८ ला दिल्लीत उपोषण सुरू केलं ते तिथली कत्तल आणि सूड थांबावा म्हणून. १५ तारखेला सरकारने पैसे द्यायचं ठरवलं, तरी उपोषण सुटलं नाही. सगळ्या पक्षांनी आणि पंथांनी शांततेची लेखी हमी दिली तेव्हा, १८ तारखेला सुटलं. पैशांसाठीच असतं तर तीन दिवस आधी संपलं असतं. आणि मला सांग, २५ जून १९३४ ला आपल्या पुण्यात गांधी नगरपालिकेत मानपत्र घ्यायला चालले असताना त्यांची समजून दुसऱ्याच मोटारीवर बाँब टाकला, तेव्हा कुठले पंचावन्न कोटी होते? तेव्हा ते अस्पृश्यतेविरुद्ध देशभर फिरत होते. तो बाँब कुणी टाकला ते कधीच उघड झालं नाही, गोडसेच्या माथी मी तो मारत नाही. पण चौदा वर्षं आधीपासून या शहरात ती आग होती.

चापेकरांचं तू विचारलंस ते रास्त आहे. १८९७ चा प्लेग, घराघरांत घुसणारे गोरे सोल्जर, आणि दाद मागायला जागा नाही. ‘केसरी’तल्या लिखाणावरून खुद्द टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत, राणीच्या हीरक महोत्सवाहून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर दामोदरने गोळी झाडली. समोर परक्यांचं राज्य होतं आणि तिघे भाऊ फासावर गेले. मी त्या पुतळ्यासमोर हात जोडते. पण त्या रात्री मागच्या गाडीतला आयर्स्ट हा गोरा लष्करी अधिकारीही बायकोच्या शेजारी बसलेला असताना मारला गेला, हेही मला आठवतं. आणि दामोदरने स्वतः लिहून ठेवलेल्या हकिगतीत समाजसुधारकांबद्दल जो द्वेष आहे, तो मला गिळवत नाही. त्याच प्लेगात, त्याच वर्षी, सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या. त्या वर्षाचं नाव काढलं की माझ्या मनात आधी त्याच येतात.

पण रँडच्या मागे सगळी पलटण होती. दिल्लीत बिर्ला भवनात गोडसेच्या समोर कोण होतं? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, बारा दिवसांपूर्वी उपोषण सोडलेला, दोन मुलींच्या खांद्यांवर हात ठेवून प्रार्थनेला निघालेला. २० तारखेला तिथेच बाँब फुटला होता, तरी प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यायला त्याने नकार दिला होता. गोडसे वाकला, त्या दोघींतल्या मनूला, गांधींच्या नात्यातल्या नातीला, बाजूला ढकललं आणि तीन गोळ्या झाडल्या. या मनूने आपल्या इथल्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांची शेवटपर्यंत सेवा केली होती. तू चौथीत असताना आपण तिथे गेलो होतो. ती दोन तुळशीवृंदावनं कुणाची, म्हणून तू विचारत होतास. एक कस्तुरबांचं, एक गांधींचे सचिव महादेवभाईंचं.

कोर्टात तो उत्तम बोलला, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, हे तुझ्या मित्रांनी तुला सांगितलंच असेल. ते खरं आहे. अपिलाच्या तीन न्यायमूर्तींपैकी खोसलांनीच तसं लिहून ठेवलंय. त्याच तिघांनी फाशी कायम केली. पण फाशी होऊ नये म्हणून कोणी शब्द टाकला, हे कुणी तुला सांगितलं का? गांधींच्या मुलांनी, मणिलाल आणि रामदास यांनी. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात त्याला आणि आपट्यांना फाशी दिलं. त्याच्या अस्थी अजून पुण्यात आहेत. अखंड हिंदुस्थानातून सिंधू वाहील तेव्हाच त्या तिच्यात सोडायच्या, ही त्याची शेवटची इच्छा.

आता जे मी तुला कधीच सांगितलं नाही ते सांगते.

तुझी बबीआजी २० जानेवारी १९४८ ला जन्मली, सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी. तुझे पणजोबा अण्णा तिथे शाळामास्तर होते. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे ३१ ला. पाळणा टांगला होता, घुगऱ्या भिजत घातल्या होत्या. आदल्या रात्री गांधी गेल्याची बातमी आली आणि सकाळी, मारणारा पुण्याचा ब्राह्मण आहे, हेही कळलं. आमच्याच आळीत एकाने साखर वाटली. अण्णा त्याच्या दारात जाऊन त्याला खूप बोलून आले. दुपारी ब्राह्मणांची घरं जाळत जमाव आला तेव्हा साखर कुणी वाटली आणि कुणी नाही, हे बघायला कुणाला सवड नव्हती. हातात पलिते आणि तोंडी ‘महात्मा गांधी की जय’. सातारा, सांगली, कोल्हापूर, गावोगाव हेच झालं. बारा दिवसांची बाळंतीण तान्ही घेऊन दोन रात्री उसाच्या फडात बसून होती, पौषाच्या थंडीत. घर जळलं, अण्णांची पुस्तकं जळली, तो पाळणाही जळला. ज्यांनी जाळलं त्यांना मी आजही माफ केलेलं नाही. गांधींचं नाव घेऊन त्यांनी गांधींनाच पुन्हा मारलं.

चौथ्या दिवशी सगळे पुण्याला नातलगांकडे आले, सदाशिव पेठेतल्या एका खोलीत अकरा माणसं. पाळणा काही कुणी पुन्हा टांगला नाही. सगळे नुसतं बबी म्हणायचे. शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं, तेव्हा अण्णांनी तिथल्या तिथे सुचलं ते नाव सांगितलं. तिच्या आधार कार्डावर आहे ना, तेच. त्या नावाने हाक मारली तर ती अजून पटकन ओ देत नाही.

अण्णा पुण्यात पुन्हा मास्तर झाले. नात्यातल्या लग्नकार्यात पंगतीला बसल्यावर कुणी ना कुणी आवाज खाली आणून ‘पंडितजीं’चं, म्हणजे गोडसेचं, कौतुक सुरू करायचं. अण्णा पानावरून उठायचे. मी लहान होते, मला भारी लाज वाटायची, की आता जिलबी राहिली.

स्टेटस काढ असं मी म्हणत नाही, आणि चोवीस तासांत तो गेलाच. पण आजीने तो पाहिला. मोठ्या अक्षरांचा फोन घेऊन दिल्यापासून ती तुझं सगळं बघते. चष्मा पुसून तिने दोनदा वाचलं, मग फोन पालथा ठेवला आणि शेंगा सोलायला बसली. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "ओंकारला हे कुणी सांगितलंच नसेल."

खरंच सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे.

तिला फोन कर. साडेआठच्या आत कर, नंतर ती झोपते.

तुझी,
आई