तो अडकित्ता नाहीये, साचा आहे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पारोळ्याकडच्या एका वाड्यातल्या ठासणीच्या पिस्तुलाचा फोटो बघितला, मस्त आलाय, पण खाली "सोबत जुना अडकित्ता" असं छापलंय ते चुकलं. तो गोळ्या ओतायचा साचा आहे. आणि गोळी नळीत गच्च बसेल एवढी घेऊन हातोडीने ठोकत असं जे लिहिलंय ते साध्या नळीच्या (आतून आटे नसलेल्या) पिस्तुलाला लागूच होत नाही, तिथे गोळी नळीपेक्षा मुद्दाम लहान घ्यायची आणि उरलेली फट गोळीखाली धरलेली कापडाची चिंधी भरून काढते.

हे मी पुस्तक वाचून नाही सांगत. मी रेल्वेत टर्नर होतो, भुसावळला, आणि मेहुण्याकडे चोपडा तालुक्यात असंच एक पिस्तूल आहे, कान (ठिणगी आत जायचं भोक) कायमचा बुजवलेला, नुसतं भिंतीवर लावायचं. त्याला गोळी किती मापाची लागत असेल म्हणून मी व्हर्नियर घेऊन बसलो. तोंडाशी १४.३ मिमी आलं. झालं, मी खुशीत लेथवर १३.९ ची सागवानी गोळी केली आणि घातली तर चार बोटं आत जाऊन जी अडकली ती अडकलीच! शेवटी तिच्यात स्क्रू फिरवून ओढून काढली, मेहुणा शेजारी उभा राहून सगळं बघत होता आणि बोलत काहीच नव्हता, ते जास्त लागलं. गोळी ठासायचा गज घासून घासून तोंड मोठं झालेलं असतं हे एवढी वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला सुचू नये? मग ०.१ ने कमी करून दुसरी गोळी केली, ती १३.८ ची पार तळापर्यंत गेली. खरं माप ते.

साचा नंतर सापडला, आजीच्या पानाच्या डब्यात. मी हातात घेतला तर मावशी म्हणे, "हाऊ अडकित्ता शे ना भो, पन सुपारी कटत नही." कटणार कशी, दोन्ही जबड्यांत अर्धी अर्धी वाटी कोरलेली! दांड्यावर ३२ ठोकलेलं होतं. शिसं वितळवून एकच गोळी ओतली, जळगावला सराफाच्या काट्यावर ठेवली तर १४ ग्रॅमच्या थोडं वर. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, भागिले ३२, बरोबर तेवढंच येतं. एका पौंड शिशात किती गोळ्या बसतात तो आकडा म्हणजे बोअर, म्हणून १२ बोअर मोठी (१८.५ मिमी) आणि ३२ बोअर लहान, लोक उलटं समजतात.

गोळी निघाली १३.३६ ची. म्हणजे फट जेमतेम अर्धा मिमी, एका बाजूला पाव. घरातला मांजरपाट मायक्रोमीटरने ०.३ भरला, त्याला मेण आणि तेल लावून गोळीखाली धरला तर अंगठ्याने दाबून आत गेली आणि नळी उलटी केली तरी पडली नाही. ह्याला म्हणतात बसणं. कापड सुतीच पाहिजे, टेरिकॉट वितळतं. परदेशात अशा पिस्तुलांच्या स्पर्धा अजून होतात, तिथे बार उडाल्यावर जमिनीवरची चिंधी उचलून बघतात, फाटली असेल तर गोळी किंवा कापड जाड होतंय आणि जळून भोक पडलं असेल तर गॅस बाजूने निसटतोय किंवा तेल कमी पडतंय. आणि गोळी दारूला टेकलीच पाहिजे, मधे जागा राहिली तर नळी फुगते, फुटते पण. ठोकाठोकीत नेमकं तेच होतं, अर्ध्यात अडकते. (कोणी आपलं पिस्तूल उडवून बघू नका, लायसन्स लागतं आणि जुनं लोखंड आतून किती गंजलंय ते दिसत नाही.)

त्या काळी हे पिस्तूल हाताने घडवलेलं, दोन नळ्या सारख्या नसायच्या, म्हणून साचा गेला की माप गेलं. त्या वाड्यातल्या मंडळींना तेवढं कळवा, अडकित्ता म्हणून भंगारात देतील. आणि दांड्यावर काही आकडा आहे का ते बघायला सांगा, फोटोत बोटाखाली झाकलाय.

आपला,
एक निवृत्त टर्नर, भुसावळ