पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र: पेंचची गिधाडं आणि आमचा बैल

मा. पशुसंवर्धन मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गिधाडांचं गाऱ्हाणं वनमंत्र्यांकडे न नेता तुमच्याकडे आणलंय, कारण त्यांना मारणारं औषध गोठ्यात टोचलं जातं आणि गोठा तुमच्या खात्यात येतो.

२०२४ च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून लांब चोचीची १० गिधाडं पेंच व्याघ्र प्रकल्पात आली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात राहिली, ऑगस्टमध्ये मोकळी झाली. नागपूरकर म्हणून छाती फुगली, खोटं कशाला बोलू! या गिधाडांची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. आणि डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध टोचलेल्या ढोराचं मांस पोटात गेलं, की किडन्या निकामी होऊन काही दिवसांत पाखरू खाली. १९९२ ते २००७ मध्ये देशातली ही गिधाडं सुमारे ९७ टक्क्यांनी घटली, ती याच औषधापायी.

बंदी आहे, ठाऊक आहे. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक २००६ पासून बंद, गिधाडांना तशीच घातक किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक २०२३ मध्ये बंद, २०२४ च्या डिसेंबरात निमेसुलाइडही. तरी गेल्या पावसाळ्यात रामटेक तालुक्यातल्या आमच्या गावी बैल लंगडायला लागला, तर मोटरसायकलवर एक जण आला. थैलीतून त्यानं माणसांच्या डायक्लोफेनॅकच्या तीन-तीन मिलीच्या शिश्या काढल्या आणि एकेक फोडून सिरिंजमध्ये ओढू लागला. मी विचारलं, तर म्हणाला, "मोठी शिशी बंद झाली न भाऊ, आता पाच फोडा लागते." माणसांचं डायक्लोफेनॅक छोट्या शिश्यांतच विकायचं, या २०१५ च्या नियमाचा गावात एवढाच परिणाम!

बैल तिसऱ्या दिवशी गेला. गिधाडांनी खाऊ नये म्हणून आम्ही जेसीबी बोलावून पुरला. शेजारी म्हणाला, नाल्यापल्याड टाकला असता तर पैसे वाचले असते. त्याचं तरी काय चुकलं? त्याला कुणी सांगितलंच नाही.

मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं, बैलाच्या दुखण्यालाही चालतं. रामटेक, पारशिवनीकडच्या दवाखान्यांत ते बाराही महिने असू द्या. माणसांच्या शिश्या गठ्ठ्यानं कोण विकतं, ते औषध प्रशासनाला घेऊन तपासा. आणि पेंचभोवती मेलेल्या ढोरांच्या यकृताचे नमुने घ्यायला लावा. पशुवैद्यकीय महाविद्यालय इथेच, सेमिनरी हिल्सवर आहे.

हिवाळी अधिवेशनाला नागपूरला येणारच आहात. त्या नमुन्यांचा अहवाल तेवढा सोबत आणा.

आपला,
रामटेक तालुक्यातला एक शेतकरी, हल्ली मुक्काम नागपूर