'भाडोत्री' हा शब्द पुन्हा तपास

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध वाचला. मेहनत दिसते. पण दुसऱ्याच परिच्छेदात तू गुरखा सैनिकांना, म्हणजे भारताच्या आणि ब्रिटनच्या सैन्यांत लढणाऱ्या नेपाळी शिपायांना, 'भाडोत्री' म्हटलं आहेस, तिथे मी अडलो. आपल्याकडे रात्री शिट्टी वाजवत फिरणाऱ्या पहारेकऱ्याला, तो कुठलाही असो, सरसकट 'गुरखा' म्हणतात. तुझा शब्द त्याच सवयीतून आलाय.

मुळापासून बघ. १८१४ साली कंपनी सरकार आणि नेपाळ यांच्यात युद्ध जुंपलं. डेहराडूनजवळच्या नालापानी किल्ल्यात बलभद्र कुंवर यांनी मोजक्या लोकांनिशी महिनाभर कंपनीची फौज रोखून धरली. जनरल जिलेस्पी तिथेच पडला. युद्ध संपलंही नव्हतं, तोच एप्रिल १८१५ मध्ये कंपनीने याच लोकांची पहिली पलटण उभी केली. बलभद्र पुढे लाहोरला रणजितसिंहांच्या फौजेत गेले आणि १८२३ मध्ये नौशेराच्या लढाईत मारले गेले. परदेशी फौजेत नोकरी करणाऱ्याला नेपाळात आजही 'लाहुरे' म्हणतात, ते त्या लाहोरवरून.

१८५७ तू एका ओळीत उरकलंस, ते वाढव. दिल्लीच्या टेकडीवर इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या सिरमूर या गुरखा पलटणीने जो वाडा धरून ठेवला तो हिंदुरावांचा, म्हणजे बायजाबाई शिंद्यांचे भाऊ, कागलकर घाटग्यांचा. ४९० पैकी ३२७ जण तिथे मेले वा जखमी झाले. समोर लढणारे शिपाईही याच मातीतले होते, हेही लिही. ते झाकून शौर्य सांगू नकोस.

आता मुख्य मुद्दा. १९४७ मध्ये दहा गुरखा रेजिमेंटची वाटणी झाली. १, ३, ४, ५, ८ आणि ९ भारताकडे. २, ६, ७ आणि १० ब्रिटनकडे. कुणाकडे जायचं ते शिपायांना विचारण्यात आलं, आणि ७ व १० मधल्या ज्यांनी ब्रिटनला नकार दिला त्यांना घेऊन १९४८ मध्ये भारताने ११ गोरखा रायफल्स उभी केली. (भारतीय सैन्यात शब्द 'गोरखा' असा लिहितात, ब्रिटिश सैन्यात 'गुरखा'. तू दोन्ही मिसळलेत.) ९ नोव्हेंबर १९४७ ला काठमांडूत भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांचा त्रिपक्षीय करार झाला. त्याच्या कागदांत नेपाळचे पंतप्रधान पद्म शमशेर यांची मागणी नोंदलेली आहे: बढती, सोयी, कल्याण या सगळ्यांत आमच्या माणसांना त्या त्या सैन्यातल्या इतर पलटणींच्या बरोबरीने वागवा, म्हणजे भाडोत्रीपणाचा डाग कायमचा पुसला जाईल. तुझा शब्द त्या मागणीसमोर ठेवून बघ. कायद्यानेही तो टिकत नाही. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या जोड-करारात कलम ४७ आहे. लढणाऱ्या देशाच्या सैन्यदलात जो रीतसर सदस्य आहे तो भाडोत्री ठरत नाही.

'पैशासाठी कुणीही जातं' हे वाक्यही काढ. ब्रिटिश भरतीतली डोकोची दौड माहीत करून घे. डोको म्हणजे बांबूची निमुळती टोपली. तिचा पट्टा, नाम्लो, खांद्यावर नाही तर डोक्यावर अडकवायचा. वर्षानुवर्षं त्यात २५ किलो वाळू भरून ५ किलोमीटरचा खडा चढ पाऊण तासाच्या आसपास चढवून घेत. पट्टा कपाळावर खाली आला की मान मागे ओढली जाते, म्हणून तो टाळूच्या थोडा पुढे बसवतात आणि अंग पुढे झुकवून ओझं पाठीवर टेकवतात. पहिल्याच चढाला धावत सुटणारा वर पोचेपर्यंत दमून जातो.

अन्याय कुठे झाला ते मात्र ठासून लिही. ब्रिटनच्या गुरख्यांची पेन्शन भारतीय सैन्याच्या दराला बांधलेली होती, कारण निवृत्त माणूस नेपाळात राहील असं धरलं होतं. १ जुलै १९९७ नंतर सेवेत असलेल्यांना पुढे ब्रिटिश योजनेत जाता आलं. त्याआधी निवृत्त झालेले जुन्या योजनेतच राहिले. ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याचा हक्क त्यांना २००९ मध्ये मिळाला, तोही मोठ्या आंदोलनानंतर. पण म्हातारपणी तिथे जाऊन लंडनच्या महागाईत त्या पेन्शनवर भागायचं कसं? ऑगस्ट २०२१ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांच्या निवासासमोर माजी सैनिक उपोषणाला बसले ते याचसाठी. बरोबरीचं जे मागणं १९४७ मध्ये कागदावर आलं, ते इथे पाळलं गेलं नाही.

शेवटच्या परिच्छेदात भारताची आजची स्थिती घाल. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली: चार वर्षांची सेवा, त्यानंतर चारांतला एकच कायम. १९४७ च्या करारात हे बसत नाही म्हणून नेपाळने भरती थांबवली. कोविडमुळे ती २०२० पासून बंदच होती. म्हणजे आपल्या गोरखा पलटणींत नेपाळातून नवा मुलगा येणं थांबलं आहे.

दुरुस्त केलेली प्रत रविवारच्या आत पाठव.

तुझे बाबा