कांचनाबुरीला चाळीस मिनिटं पुरत नाहीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला थायलंडचा लेख वाचला. बँकॉक, पट्टाया, फुकेत सगळं छान लिहिलंय, पण क्वाय नदीवरच्या पुलाच्या गावाबद्दल, कांचनाबुरीबद्दल, फक्त दोन ओळी, पूल प्रसिद्ध आहे आणि फोटो चांगले येतात एवढंच, आणि ते वाचून मला राहवलं नाही. पत्र थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मी खडकीत लहानाची मोठी झाले. आमच्याकडची वॉर सेमेटरी पुण्यात बऱ्याच जणांना फक्त रिक्षावाल्याला सांगायची खूण म्हणून माहीत असते. आत दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांवर सैनिकांच्या कबरी आहेत, एकसारख्या ओळी, कापलेलं गवत. कांचनाबुरीला पहिल्यांदा गेले ती एका टूर कंपनीबरोबर. पुलावर चाळीस मिनिटं दिली, फोटो काढा आणि बसमध्ये बसा. येताना खिडकीतून तशाच ओळी, तसंच गवत दिसलं आणि पोटात एकदम खड्डा पडला, पण बस थांबली नाही. मग धाकट्या बहिणीला घेऊन आम्ही दोघीच परत गेलो, तीन रात्री राहिलो.

ती सेमेटरी गावात स्टेशनजवळच आहे. जवळपास ७ हजार कबरी, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच, आणि देखभाल खडकीचं बघते तीच राष्ट्रकुल संस्था करते. १९४२-४३ मध्ये जपान्यांनी थायलंडमधून ब्रह्मदेशात ४१५ किलोमीटरची रेल्वे टाकली, त्यात ६० हजारांवर युद्धकैदी राबवले आणि १२ हजारांवर मेले. एवढं बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. पण त्यांच्याबरोबर दोन लाखांच्या आसपास आशियाई मजूर होते, ब्रह्मी, जावानीज, मलय, आणि मलायातल्या (आताच्या मलेशियातल्या) रबराच्या मळ्यांवरचे आपले तमिळ लोक हजारोंनी. युद्धामुळे रबराचा धंदा बसला, हाताला काम नाही, त्यात चांगल्या पगाराचं आमिष, आणि जे आपणहून गेले नाहीत त्यांना पकडून नेलं. कैद्यांकडे निदान स्वतःचे डॉक्टर होते, अधिकारी होते, मेलेल्यांच्या याद्या लपवून ठेवणारं कोणीतरी होतं. या मजुरांकडे यातलं काहीच नव्हतं, कॉलरा आला की कँपच्या कँप ओस पडायचे. त्यांच्यातले ९० हजारांच्या आसपास गेले असा अंदाज सांगतात. अंदाजच, कारण नावं लिहिलीच नाहीत कोणी. त्या ७ हजार कबरींमध्ये त्यांची एकही नाही. पुलाजवळ जपानी सैन्यानेच १९४४ साली बांधलेलं एक स्मारक आहे, त्यावर इतर भाषांबरोबर तमिळमध्येही मजकूर आहे. आम्हाला ती लिपी वाचता येत नाही, तरी दोघी बराच वेळ तिथे उभ्या होतो.

पुलाचंही सांगते. तो याच रेल्वेवरचा. लाकडी नाही, लोखंडी आहे. कमानीचे गाळे जुने, जावाहून आणलेले, आणि मधले दोन चौकोनी दिसतात ते बॉम्बहल्ल्यात पडल्यावर युद्धानंतर नवीन बसवलेले. आणि गंमत म्हणजे ती नदी मुळात क्वाय नव्हतीच, मे क्लाँग होती. एका गाजलेल्या इंग्रजी सिनेमामुळे लोक क्वाय नदी शोधत यायला लागले तेव्हा १९६० च्या सुमारास वरच्या भागाचं नाव बदलून ख्वे याई केलं. ख्वे म्हणजे उपनदी, आणि आपण क्वाय म्हणतो त्याच्या जवळचा थाई शब्द म्हणजे म्हैस! ख्वे याई मोठी, ख्वे नोई धाकटी, दोघी गावातच एकमेकींना मिळतात आणि पुढे मे क्लाँग होतात. मुळा-मुठेच्या संगमाच्या गावातून गेलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

आम्ही लॉय क्राथोंगला तिथे होतो. हा सण बहुतेक वर्षी आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येतो. केळीच्या खांबाची चकती, भोवती केळीच्या पानांच्या घड्या, वर फुलं, उदबत्ती, मेणबत्ती, आणि ते नदीत सोडायचं. कोणासाठी, तर मे खोंगखा, म्हणजे गंगामाई! हॉटेलवाल्या मावशींनी पानं दुमडायला शिकवलं, माझं वाकडंच झालं. आम्ही एक आपल्या घरच्यांसाठी सोडलं आणि एक त्या तमिळ मजुरांसाठी. नोव्हेंबरअखेर पुलावर मोठा महोत्सवही असतो, लाइट अँड साउंडमध्ये बॉम्बहल्ला दाखवतात, बघायला खूप गर्दी असते. पण मला विचाराल तर पौर्णिमेलाच जा.

बाकी बघण्यासारखं खूप आहे. एरावन धबधबा सात टप्प्यांचा, एरावन म्हणजे आपला ऐरावत. वरच्या टप्प्यांवर खायचे पदार्थ न्यायचे नाहीत आणि पाण्याच्या बाटलीचं डिपॉझिट भरायचं, बाटली परत आणली तरच पैसे परत. हे सिंहगडावर का होऊ शकत नाही याचं उत्तर मला कोणी द्यावं. ख्वे नोईच्या काठी प्रासात मुआंग सिंग म्हणून कंबोडियाच्या ख्मेर राजवटीच्या काळातलं जांभ्या दगडाचं देऊळ आहे, आत बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. आणि हेलफायर पास तर चुकवूच नका, त्या रेल्वेसाठी कैद्यांनी आणि मजुरांनी हातोडा-छिन्नीने फोडलेला डोंगर. रात्री मशालींच्या उजेडात काम चालायचं, ते नरकातल्या आगीसारखं दिसायचं म्हणून हे नाव पडलं. रूळ आता नाहीत, खडी तुडवत चालायचं. आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

विनंती एवढीच की पुरवणीत यावर एक पूर्ण लेख करा आणि त्यात त्या मजुरांबद्दल लिहा. पुण्यातल्या टूरवाल्यांनीही हे गाव अर्ध्या दिवसात उरकू नये, निदान दोन रात्री द्याव्यात. आणि जे स्वतः जाणारेत त्यांनी बँकॉकच्या थोनबुरी स्टेशनवरून सकाळची साधी पॅसेंजर पकडावी. कांचनाबुरीच्या पुढे नाम टोक या शेवटच्या स्टेशनकडे जाताना डाव्या बाजूला बसा, गाडी कड्याला चिकटलेल्या लाकडी पुलावरून अगदी हळू जाते आणि खाली नदी दिसते.

आपली नियमित वाचक,
खडकी, पुणे